रविवारी जळजळलं, सोमवारी कळलं

मला हार्ट अटॅक आला त्या दुपारी मी स्वतः स्कूटर चालवत हॉस्पिटलात गेलो, तिथे इंजेक्शन घेतलं आणि स्वतः स्कूटर चालवत घरी आलो. मागे बायको बसली होती. वाटेत सिग्नलला एका रिक्षावाल्याशी हुज्जतही घातली.

ही बहादुरी म्हणून सांगत नाही. आठवलं की आजही माझे हातपाय गार पडतात. शिकलेल्या डॉक्टरांनी भरलेल्या इमारतीत मी माझ्या पायांनी गेलो, छातीतला कारभार बंद पडायच्या बेतात होता, आणि मला सांगितलं गेलं की उद्या तुमच्या घरच्या डॉक्टरला दाखवा. असं कसं होतं? हा प्रश्न घेऊन मी बरेच आठवडे धुमसत होतो. उत्तर मिळालं तेव्हा अटॅकनं बसला नव्हता एवढा धक्का बसला.

मी शेळ्या-मेंढ्यांचा व्यापारी आहे. वैद्यकातलं मला काही कळत नाही, त्यामुळे ते इथे मिळणार नाही. हॉस्पिटलचं नावही लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही म्हणाल, ते हॉस्पिटलच तसलं, आम्ही दुसरीकडे जाऊ. आणि निवांत बसाल.

कान

आधी थोडं मागचं सांगावं लागेल, नाहीतर माझा राग कळायचा नाही.

मी मूळचा सांगोल्याकडच्या कोरड्या भागातला. वडील मेंढरं राखायचे. मी शहरात आलो, बोकडांचा व्यापार धरला, आणि जे काही उभं केलं ते जिभेच्या जोरावर केलं. आता आम्ही सोलापुरातल्या जुळे सोलापूर ह्या वस्तीत फ्लॅटमध्ये राहतो. मी, बायको शालन, मुलगा संतोष, सून आणि नात. आमचे घरचे डॉक्टर म्हणजे सात रस्त्याजवळचे अप्पा डॉक्टर. त्यांच्या दवाखान्यात बाकावर जागा मिळायला नशीब लागतं. पण रविवारी त्यांच्या दाराला कुलूप आणि फोन बंद. त्याबद्दल माझी तक्रार नाही, त्यांनाही संसार आहे. फक्त दुखणं रविवारी सुट्टी घेत नाही, एवढंच.

गेल्या थंडीत एका रविवारी माझ्या नातीचा कान ठणकायला लागला. पोर उशीत डोकं खुपसून किंचाळत होती. मी आणि शालननं तिला घेऊन जुळे सोलापूर पालथं घातलं. जिथे जाईन तिथे शटर खाली. शेवटी एक दार उघडं सापडलं, मोठ्या हॉस्पिटलचं. वर लाल अक्षरात ‘अपघात विभाग’. आत शिरलो.

तिथे एक तरुण डॉक्टर होता, माझ्या संतोषच्या वयाचा. डोळे तारवटलेले. त्यानं नातीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“काका, कान दुखतो म्हणून इमर्जन्सीत आणलंत? इथं अटॅकची माणसं येतात, अपघाताची येतात. उद्या तुमच्या फॅमिली डॉक्टरला दाखवा.”

“आणि आजच्या दिवस पोरीनं कान काढून खुंटीला टांगायचा काय?”

मागे थांबलेली माणसं हसली. तो हसला नाही.

“तुमच्यासारख्यांमुळं खऱ्या पेशंटला वेळ मिळत नाही,” तो म्हणाला. मग कानात घालायचे थेंब लिहून दिले आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

चारचौघांत मला असं कुणी बोललं, त्याला बरीच वर्षं झाली होती. बाहेर आल्यावर मी शालनला म्हणालो, “मेलो तरी ह्या दारात पाय ठेवणार नाही.”

“तोंडातनं असलं वंगाळ काढू नगा,” ती म्हणाली.

आमच्या बाजाराची रीत

आमचा सौदा तोंडानं होत नाही. घेणारा आणि विकणारा हातात हात घालतात, वर टॉवेल टाकतात, आणि टॉवेलाखाली बोटं दाबून भाव सांगतात. भोवती गर्दी असते, पण आत काय चाललंय ते त्या दोघांनाच ठाऊक. अशा वेळी चेहरा कोरा ठेवायचा. घरात लग्न तोंडावर आलेलं असो, गावाकडचं पाणी आटलेलं असो, म्हणायचं एवढंच, “सहज आणलीत. नाही विकली तरी चालतंय.” ज्यानं गरज दाखवली त्याचा भाव पडला.

दुसरी रीत अशी की, सौदा चालू असताना घरच्या माणसानं तोंड उघडायचं नाही. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी शालन माझ्याबरोबर बाजाराला आली होती. मी टॉवेलाखाली बोटं दाबून भाव चढवत आणला होता आणि ही बाजूला बसून त्या गिऱ्हाइकाला म्हणाली, “घ्या की दादा, आमाला आजच माघारी जायचंय.” गिऱ्हाइकानं हात सोडला. तिथेच मी तिला जे बोललो ते आख्ख्या बाजारानं ऐकलं. त्यानंतर माझा कसलाही सौदा असो, बोकडाचा, फ्लॅटचा, सुनेच्या माहेरच्यांशी बोलणी असोत, शालननं मधे शब्द काढला नाही. अशी बायको मिळायला भाग्य लागतं, असं मी चारचौघांत सांगायचो.

तो रविवार

उन्हाळा होता. सकाळचा बाजार करून मी दुपारी घरी आलो. संतोष बायको-मुलीला घेऊन करकंबला, सासुरवाडीला गेला होता. शालननं ताट वाढलं. पहिला घास घेतला आणि छातीवर कुणीतरी जात्याचा दगड ठेवला. जळजळ वर सरकत जबड्यात आली, दातांच्या मुळाशी. मी उठून मोरीत गेलो. एकदा उलटी झाली, मग परत झाली. मग पाय गेले आणि मी फरशीवर बसलो. मला उठता येईना. शालननं काखेत हात घालून मला उठवलं. अंगातला बनियन पिळून काढावा इतका भिजला होता.

“अवं, तोंड कसं झालंय तुमचं! राखंवानी.”

“ऊन लागलंय.”

“संतोषला फोन लावते.”

“नको. सासऱ्याच्या घरी जेवत असेल. जेवू दे.”

मी पलंगावर टेकून बसलो आणि हिशेब लावू लागलो. अप्पा डॉक्टर बंद. उद्या सकाळपर्यंत थांबावं का? कान दुखला तर ती इमर्जन्सी नाही, हे मला चारचौघांत शिकवलेलं होतं. मग जळजळलं तर ती आहे का? उलटी झाली तर आहे का? एवढं मोठं सोलापूर, पण रविवारी दुपारी “हे थांबण्यासारखं आहे” किंवा “हे थांबण्यासारखं नाही” एवढं एक वाक्य सांगणारा माणूस मला कुठेच मिळत नव्हता. एकतर कुलूप, नाहीतर थेट अपघात विभाग. मधे काही नाही.

शालननं कपाटातून धुतलेला शर्ट काढला आणि माझ्या अंगावर टाकला.

“उठा. चला बघू.”

ती मला कधी असं सांगत नाही. मी उठलो. रिक्षा बघू म्हणाली, ते मात्र मी ऐकलं नाही. स्कूटर काढली.

हॉस्पिटलच्या दाराशी मी थांबलो, टॉवेलानं तोंड, मान, कपाळ कोरडं केलं, शर्टाची बटणं लावली. मग आत गेलो.

आत जत्रा भरली होती. तापलेली लेकरं, पायाचं ड्रेसिंग बदलायला आलेला एक म्हातारा, कॉलेजला दाखवायला सर्टिफिकेट मागणारा सर्दीचा पेशंट, मेडिकलवाल्यानं पाठवलं म्हणून ब्लडप्रेशर मोजून घ्यायला आलेली एक बाई. सगळे रविवारचे. आणि समोर तोच तरुण डॉक्टर. त्यानं मला ओळखलं.

“काका, आज परत? आज काय?”

त्या ‘परत’नं माझं डोकं फिरलं. पण चेहरा मी हलू दिला नाही.

“काही नाही हो. जरा जळजळतंय. बाजाराचं ऊन लागलं. आमचा दवाखाना बंद, म्हणून सहज आलो.”

“छातीत दुखतंय?”

“दुखत नाही. जळतंय.”

ते खोटं नव्हतं. जळतच होतं. उलट्यांचं मी बोललो नाही, फरशीवर बसल्याचं बोललो नाही. बोललो असतो तर हा माणूस मला खाटेवर निजवणार, नळ्या लावणार, आणि मग सुटका त्याच्या मर्जीनं. अशी माझी समजूत होती. शालन माझ्या डाव्या हाताला उभी होती, पदर दोन्ही हातांत घट्ट धरून.

डॉक्टरनं नाडी बघितली, ब्लडप्रेशर घेतलं, पोट दाबलं. तेवढ्यात हायवेवरचा अपघात आला. आरडाओरडा, फरशीवर रक्त, एक बाई कानडीत हंबरडा फोडत होती. डॉक्टर तिकडे धावला. बऱ्याच वेळानं परत आला तेव्हा त्याच्या बाह्या लाल झाल्या होत्या. त्यानं सिस्टरला इंजेक्शन सांगितलं. सिस्टरनं मला पडद्याआड नेलं. शालन बाहेर राहिली.

“ॲसिडिटी दिसतेय, काका,” मी बाहेर आल्यावर तो म्हणाला. “उद्या फॅमिली डॉक्टरला दाखवा. त्रास वाढला तर लगेच या.”

परत येताना माझ्या मनात काय होतं ते लिहितो, लपवत नाही. स्वस्तात सुटलो, असं वाटत होतं. शालन मागे एक शब्द बोलली नाही.

सोमवार

सकाळी अप्पा डॉक्टरांच्या दवाखान्यात बाकावर बसलो होतो. रात्र खुर्चीत बसून काढली होती, आडवं होता येत नव्हतं. आमच्या आधी पुष्कळ लोक होते. आतला पेशंट बाहेर पडताना दार उघडलं आणि अप्पा डॉक्टरांनी टेबलामागूनच माझ्याकडे बघितलं. हातातलं पेन खाली ठेवलं.

“तात्या, आत या.”

“माझा नंबर अजून...”

“आत या म्हणतो ना.”

त्यांनी छातीवर ईसीजीची बटणं चिकटवली. मशीनमधून कागद सरकत बाहेर आला. अप्पा डॉक्टर कागद बघत होते आणि मी त्यांचं तोंड बघत होतो. समोरच्याचं तोंड वाचणं हा माझा धंदा. गेली कित्येक वर्षं हा माणूस माझ्याशी मराठीत बोलतो, आणि त्या क्षणी तो वळून कंपाउंडरला कानडीत ओरडला, “बेग! बेग!” लवकर, लवकर. तेव्हाच मला कळलं की माझं काही खरं नाही.

“तात्या, हार्ट अटॅक आलाय.”

“आत्ता?”

“आत्ता नाही. काल.”

मी हसलो. खरंच हसलो. म्हणालो, “काल तर मी स्कूटर चालवली.”

“कुठं गेला होता स्कूटरनं?”

“हॉस्पिटलात.”

अप्पा डॉक्टर शालनकडे बघायला लागले. शालन भिंतीला टेकून खाली बसली होती.

ॲम्ब्युलन्सनं मला त्याच हॉस्पिटलात नेलं. जवळचं तेच होतं. तेच लाल अक्षरांचं दार. पण ह्या वेळी मी आडवा होतो, आणि आडव्या माणसाला त्या दारात वेगळीच किंमत आहे. चार जण धावत आले. कुणी काय होतंय विचारलं नाही. कुणी परत आलात का म्हणालं नाही. छत माझ्या डोक्यावरून पळत होतं आणि मी एवढाच विचार करत होतो की तोच मी, तेच दार, मग काल कुणी का धावलं नाही?

काचेच्या आत

हाताच्या नसेतून तार घातली, बंद पडलेली वाट उघडली. त्यातलं मला विचारू नका. मोठे डॉक्टर दुसऱ्या दिवशी पलंगाशी आले आणि सरळ बोलले.

“वाट मोकळी झाली. पण उशीर झाला होता. हृदयाचा खालचा काही भाग कामातून गेला. तो परत येत नाही.”

“औषधानं?”

“नाही.”

“हळूहळू?”

“नाही, तात्या.”

आयुष्यात मला एवढा घट्ट माणूस भेटला नव्हता. कुठेच सरकेना. मी विचारलं, बाजाराला कधी जाता येईल. ते म्हणाले, तीन महिन्यांनी बघू. मी म्हणालो, एक. ते म्हणाले, चार. तेव्हा मी बोली थांबवली.

आयसीयूत दिवस आणि रात्र सारखीच. दिवे मालवत नाहीत. पहाटे अंग पुसायला येतात, मग रक्त न्यायला, मग सगळे बाहेर जातात आणि मशीन एकटंच टिकटिकत राहतं. पहिले दोन दिवस ते टिकटिकणं माझंच आहे हे मला कळलं नव्हतं. कळल्यावर झोप उडाली. एक आवाज चुकला तर? मी मोजत पडायचो.

भीती अशी असते हे मला माहीत नव्हतं. बाजारात चाकू काढलेल्या माणसासमोर मी उभा राहिलोय. तिथे समोर कुणीतरी असतं. इथे समोर कुणी नाही. रागवायचं कुणावर? रागावलो तर मशीन जोरात वाजतं आणि सिस्टर धावत येते.

ती सिस्टर पूर्व भागातली, विणकराच्या घरची. फोनवर आईशी तेलुगूत बोलायची आणि माझ्याशी दरडावून मराठीत. पाणी मोजून मिळत होतं. माझे ओठ फुटले होते. एकदा तिनं कापूस ओला करून ओठांवर फिरवला आणि म्हणाली, “तात्या, ओरडणार नसाल तर परत फिरवते.” मी लहान पोरासारखी मान हलवली. त्या कापसाइतकं गोड मी त्यानंतर काही खाल्लेलं नाही.

भेटायला एकालाच सोडायचे. शालन यायची, पायाशी उभी राहायची, चादरीवरून माझा पाय चाचपायची. बोलायची नाही. मला वाटायचं, घाबरलीय.

घरातली आग

घरी आल्यावर संतोषनं पहिला राग आईवर काढला. “मला एक फोन करता येत नव्हता? करकंब काय अमेरिकेत आहे?” ती खाली मान घालून शेंगा सोलत राहिली. मीच ओरडलो, “तिला काय बोलतोस? मी नको म्हणालो होतो.” छातीत चमक आली तसे दोघेही गप्प झालो. मोठ्यानं भांडायची सोय राहिली नाही, हे आमच्या घराला फार जड गेलं. आमच्याकडे भांडणानंच हवा मोकळी व्हायची.

मग गावाकडून पुतणे आले, जीप भरून.

“तात्या, तुमी नुसतं व्हय म्हणा. आजच जाऊन त्या हास्पिटलाच्या काचा उतरवतो.”

“आन् त्या डाक्टरला बी.”

मी नाही म्हणालो नाही. खरं सांगतो, ते ऐकून बरं वाटलं. माझ्या हृदयाचा तुकडा गेला होता आणि तो ज्यानं घालवला तो पोरगा रोज इस्त्रीचा कोट घालून कामावर जात होता. मी पुतण्यांना म्हणालो, “तपासणीच्या दिवशी या. खाली थांबा. मी आधी वर जाऊन त्याच्या तोंडून वदवून घेतो. मग बघू.”

शालन चहा घेऊन आली होती. कप तसेच हातात धरून उभी राहिली.

समोरासमोर

तपासणी सकाळची होती. पुतणे गाडीतळावर थांबले. मी आणि शालन अपघात विभागात गेलो. सोमवार असल्यानं गर्दी कमी होती. तो तरुण डॉक्टर टेबलाशी होता. मला बघून उठून उभा राहिला.

“काका, तुमचं कळलं मला,” तो म्हणाला. “बसा.”

“बसायला आलो नाही. मी त्या रविवारी तुमच्यासमोर अटॅक घेऊन उभा होतो. तुम्ही मला घरी घालवलं. का?”

त्यानं इकडेतिकडे बघितलं नाही. “ईसीजी काढायला हवा होता,” तो म्हणाला. “तुमच्या वयाचा माणूस जळजळ म्हणाला तरी काढायला हवा होता. माझी चूक झाली.”

मी तयारी करून गेलो होतो. तो नाकारेल, मग मी असं म्हणेन, मग तो तसं म्हणेल. पहिल्याच बोटाला समोरच्यानं पूर्ण भाव दिला की व्यापारी बावचळतो. तसा मी बावचळलो, आणि त्यामुळे आणखी भडकलो.

“चूक झाली म्हणून भागत नाही! मी जळजळ म्हणालो, मान्य. पण पेशंट काहीही बोलेल. बाजूला ही बाई उभी होती. हिनं सगळं बघितलं होतं. उलट्या, घाम, मी पडलो ते. हिला एक शब्द विचारला असतात, तर माझं हृदय आज शाबूत असतं. बायामाणसाला विचारायची लाज वाटली का तुम्हाला?”

डॉक्टरनं एकदा शालनकडे बघितलं, मग खाली बघत राहिला.

“बोला की! आता का तोंड शिवलं?”

“त्यांनी इचारलं हुतं,” शालन म्हणाली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. “कुणी?”

“ह्या डाक्टरनी. तुमी पडद्याआड हुता तवा. म्हणले, मावशी, ह्यांना उलटी झाली का, घाम सुटला का, खरं सांगा.”

“मग?”

“मी म्हणलं, ते सांगतील तेच खरं.”

मी डॉक्टरकडे बघितलं. त्याला आठवत होतं. सगळं आठवत होतं. मी एवढा ओरडत होतो तरी त्यानं ते माझ्यासमोर काढलं नव्हतं.

“तू बोलली का नाहीस?” मी शालनला विचारलं.

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी माझंच नाव तिला विचारतोय.

“सौदा चालला हुता न्हवं तुमचा,” ती म्हणाली.

मी त्या खुर्चीवर बसलो. डॉक्टरनं माझी नाडी धरली. ह्या वेळी त्यानं सिस्टरला हाक मारून ईसीजी काढायला लावला. त्यात नवं काही निघालं नाही.

खाली पुतणे बाह्या सारून तयार होते. “काय म्हणला तात्या? कबूल झाला का?”

“झाला,” मी म्हणालो. “चला, घरी.”

“आन् मग?”

“घरी चला म्हणतो ना!”

जीपमध्ये शालन माझ्या शेजारी बसली होती. पुतण्यांना ती गोष्ट आजही ठाऊक नाही. हे वाचतील तेव्हा कळेल.

आता

माझी तक्रार संपलेली नाही. ती तशीच आहे. छाती जळते म्हणणाऱ्या माणसाचा ईसीजी झालाच पाहिजे, मग बाहेर शंभर अपघात येवोत. आणि रविवारी दुपारी कान दुखणाऱ्या पोरीसाठी एखादं दार उघडं पाहिजे, म्हणजे अपघाताच्या दारात जत्रा भरणार नाही आणि तिथला पोरगा तारवटलेल्या डोळ्यांनी माणसावर खेकसणार नाही. सात रस्त्याच्या भोवती इतके दवाखाने आहेत. त्यांनी आळीपाळीनं एकेक रविवार वाटून घेतला तर कुणाचा संसार बुडणार आहे? अप्पा डॉक्टरांशी मी हे बोललोय. ते म्हणाले, बघू. मी सोडणाऱ्यातला नाही. मागेच लागलोय.

आणि तुम्हाला सांगायचं ते असं. त्या दारात गेलात की ‘सहज आलो’ म्हणू नका. जबडा दुखला, घाम फुटला, उलटी झाली, बसल्या जागचं उठता आलं नाही, जे झालं ते पहिल्या दमात सांगा. डॉक्टर हसला तर हसू दे. हसून झालं की तपासेल. बरोबरच्या माणसाला आधी बोलू द्या. आणि स्कूटर चालवू नका.

तपासणीनंतर काही दिवसांनी सकाळी मी आणि शालन गॅलरीत बसलो होतो. मी अजून बाजाराला जात नव्हतो. ती ज्वारी निवडत होती. तिच्या त्या वाक्यानंतर माझ्या मनातून एक गोष्ट जात नव्हती, म्हणून मी विचारलंच.

“शालन, अजून काय काय सांगितलं नाहीस मला?”

तिला वाटलं मी रागानं विचारतोय. ती सुपातली ज्वारी इकडून तिकडे करत राहिली. मी परत विचारलं, हळू आवाजात. मला हळू बोलायला डॉक्टरांनी शिकवलंय.

“डाव्या डोळ्यानं दिसत न्हाय मला,” ती म्हणाली.

“कधीपासनं?”

“लई दिस झालं.”

“अगं, मग... कुणाला सांगितलंस?”

तिनं नाही म्हणून मान हलवली. मी खुर्चीतून उठलो, तिच्यासमोर उकिडवा बसलो. तिचा उजवा डोळा माझ्या तळहातानं झाकला. तिच्या तोंडापासून मी वीतभर अंतरावर होतो.

“सांग, समोर काय दिसतंय?”

डावा डोळा उघडा होता, सरळ माझ्याकडे.

“नुसता तुमचा आवाज हाय,” ती म्हणाली.